पूररेषेच्या वरचा संगणक

अक्षय्य तृतीया, दुपारची वेळ. रक्कम रुपये चार हजार सहाशे पन्नास, रोख. हजर माणसे चार: घरमालक काका, काकी, वरच्या दोन खोल्यांतला भाडेकरू म्हणून मी, आणि सुटे पैसे नाहीत म्हणून ओटीवर ताटकळलेला कुरियरवाला. खोक्यातून जो निघाला तो पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक होता. काकींनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"येवढाच?"

"एवढाच," काका म्हणाले.

"याच्यापरीस माझ्या चपला जड हायत."

"वजनावर घ्यायला ही काय सुकी मासळी आहे?"

कुरियरवाला हसला. पन्नासची नोट शेवटी मी दिली आणि तो गेला. मग काकांनी तो संगणक चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हिशेबनीस, हा प्राणी झिरोच्या बल्बपेक्षा कमी वीज खातो. घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा स्वस्त."

मी महाडात एका पतसंस्थेत हिशेब पाहतो, म्हणून त्यांनी मला हे नाव ठेवले होते. सात वर्षे मी त्यांच्या घरात राहिलो. त्यांनी मला नावाने हाक मारल्याचे आठवत नाही.

काकांची खालच्या मोठ्या खोलीत टायपिंगची संस्था होती. मराठी, इंग्रजी दोन्ही. यंत्रांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामधून हातात फूटपट्टी घेऊन फिरणारे काका. पट्टी कुणाला मारायला नव्हती, दाराच्या चौकटीवर ताल धरायला होती. मुलामुलींच्या हातांवर आणि यंत्रावर ते पंचा टाकत, म्हणजे बोटे दिसू नयेत. "बोटांकडे बघायचं नाही. पोळी लाटताना आई लाटण्याकडे बघते का?" हे वाक्य मी वरच्या मजल्यावरून इतक्या वेळा ऐकले की माझी बायको पोळ्या लाटताना ते म्हणू लागली.

त्यांची दोन तत्त्वे होती. पहिले, कार्बनशिवाय कागद नाही. माझी भाड्याची पावतीसुद्धा ते टाइप करत, खाली कार्बन घालून. वरची प्रत मला, खालची त्यांना, आणि त्या खालच्या प्रतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहीत: स्थळप्रत. दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर जास्त" अशी चिठ्ठी असली तरी तिची स्थळप्रत. काकी म्हणायच्या, "आमच्या लग्नाची यादीपन ह्यांनी कार्बन घालून काढलीवती. दोन्ही हरवल्या." हिशेबाच्या माणसाला असा घरमालक लाभणे म्हणजे भाग्य. मला कधी त्यांचा कंटाळा आला नाही असे नाही, पण त्यांच्या कागदात चूक कधी सापडली नाही.

दुसरे तत्त्व, फुकट शिकलेले बोटांत राहत नाही. सख्ख्या भाचीकडूनही त्यांनी फी घेतली. नाते, पाचाड, वरंध अशा गावांतून एसटीने येणाऱ्या मुली असत. एखादीच्या घरची परिस्थिती नसली तर तिची फी महिना एक रुपया. तो मात्र तिने स्वतः टेबलावर ठेवायचा आणि पावती घ्यायची. एकदा एका मुलीने लाजून "राहू दे ना सर" म्हटले, तर काका म्हणाले, "रुपया राहिला की शिक्षण राहिलं. ठेव."

महाडात ज्या घरांत पूर शिरतो, त्या घरांच्या भिंतींवर खुणा असतात. कुणी खिळा मारतो, कुणी कोळशाने रेघ ओढतो. काकांनी पट्टी लावून तांबड्या ऑइलपेंटने सरळ रेषा काढली होती, माझ्या कपाळाच्या चांगली वर. ती रेषा ज्या पुराची, त्या पुरात यंत्रे बुडाली. पाणी ओसरल्यावर काकांनी एकेक यंत्र रॉकेलने धुऊन ओटीवर उन्हात ओळीने मांडले. आठ दिवस ते त्यांच्यावर कावळे बसू नयेत म्हणून राखण करत बसले. पण गंज धरला तो धरला. टाइपरायटरवरच्या परीक्षा तर त्याआधीच बंद झाल्या होत्या.

शेवटी भंगारवाल्याचा टेंपो आला. यंत्रे काट्यावर चढत होती आणि काका कडेला उभे राहून प्रत्येक यंत्राच्या कळा एकदा दाबून पाहत होते. माळ्यावर कोरडा राहिलेला कार्बन कागदांचा चपटा पुठ्ठ्याचा डबा भंगारवाल्याने उचलला तेव्हा त्यांनी तो काढून घेतला. "हा नाही."

काकी भंगारवाल्यासाठी पाणी घेऊन दारात आल्या होत्या. नळाला पाणी आले असे सांगावे इतक्या साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "साऱ्या तालुक्याच्या पोरी शिकून गेल्या. त्यांना मी पानी दिलं, पोहे दिले, परीक्षेच्या दिवशी हातावर दही घातलं. मला एक अक्षर नाय शिकवलंत."

टेंपो गेला. संध्याकाळी मी जिना चढत असताना खालून त्यांचा आवाज आला, "हिशेबनीस, एक बाकी राहिलीय." कसली, ते त्यांनी सांगितले नाही. पुढच्या अक्षय्य तृतीयेला तो कुरियरवाला आला.

काकी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या, डोंगरातल्या गावच्या. चौथी पास. मराठी सगळे वाचत, पण इंग्रजी अक्षर लागत नसे. आणि त्या संगणकाबरोबर आलेल्या मेमरी कार्डात जी सिस्टिम होती, ती पहिल्या पडद्यापासून इंग्रजी, वर जाहिराती. काकांनी ती अर्धा तास पाहिली.

"हा भाडेकरू काढायचा," ते म्हणाले. "संगणक म्हणजे घर आणि सिस्टिम म्हणजे बिऱ्हाड. हा गोंगाट करणारा आहे. याला काढून, घर धुऊन, दुसरा ठेवायचा."

मी भाडेकरूच होतो. निमूट ऐकून घेतले.

दुसरा भाडेकरू म्हणजे लिनक्स नावाची सिस्टिम. फुकट मिळणारी, हलकी, आणि काकांच्या भाषेत "जिच्या भिंतीत खिळा मारायला मालकाची परवानगी लागत नाही" अशी. ती त्यांच्या, पुरातून वाचलेल्या जुन्या संगणकावर उतरवून घ्यायची, मग कार्डावर चढवायची. उतरवायला नेट माझ्या फोनचे. आमच्या गल्लीत रेंज फक्त मागच्या खिडकीत येई, म्हणून फोन खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला. फाइल आली. ती नीट उतरली की नाही हे ताडून पाहण्यासाठी अक्षरे आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ असते. आपल्याकडची ओळ आणि सिस्टिम बनवणाऱ्यांनी दिलेली ओळ जुळली पाहिजे. हे काम संगणक स्वतः करू शकतो, असे मी म्हणालो.

"पेपर तपासताना पोराला विचारतात का, बरोबर लिहिलंस का म्हणून? मी वाचतो, तुम्ही बघा."

संस्थेत मुद्दल, म्हणजे मूळ कागद, आणि नक्कल अशीच ताडून पाहत: एकाने वाचायचे, दुसऱ्याने बोट ठेवायचे. काकांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. पहिल्याच अक्षराला फरक. खिडकीतल्या फोनची रेंज मध्येच गेली असणार. पुन्हा उतरवली. पुन्हा वाचायला बसलो. "नऊ. एफ. शून्य. शून्य. सी..." काका सावकाश, प्रत्येकाला पूर्णविराम दिल्यासारखे वाचत होते. काकी भाजी निवडत ऐकत होत्या.

"कसला मंत्र म्हनायचा त्यो?"

"गृहप्रवेशाचा," काका न थांबता म्हणाले. "चार. बी. सात."

शेवटच्या अक्षरापर्यंत जुळली. काकांनी पेन्सिलीने टिक केली आणि मग सिस्टिम कार्डावर चढवली.

त्या सिस्टिमला मराठी येत होते, पण ते मराठी काकींना मानवेना. काम संपवून बंद करायला गेल्या, तर पडद्यावर आले: "आपण खात्रीने बंद करू इच्छिता?"

"हे कुनाला इच्चारतंय?" काकींनी मागे वळून पाहिले. "घरात तहसीलदार आलाय काय?"

काकांना ते लागले. पडद्यावर येणारे प्रत्येक वाक्य आतल्या एखाद्या फाइलीत लिहिलेले असते आणि या सिस्टिमीत ते कुणालाही बदलता येते, हे त्यांनी शोधून काढले. मग तो सगळा पावसाळा त्यांनी त्या कामावर घातला. जेवताना, हात धुताना, मध्येच विचारत, "तू बाहेरून आलीस की तुझी आई काय म्हणायची?"

"काय म्हननार? ये गो बाय."

झाले. संगणक सुरू झाला की पडद्यावर: "ये गो बाय." वेळ लागत असला की: "जरा दम धर." जागा भरली की: "जागा नाय, अडगळ काढ." काढून टाकलेल्या फाइली जिथे जातात त्याचे नाव उकिरडा. आणि बंद करताना: "झालं काय गो?" खाली दोन बटणे, व्हय आणि नाय.

काका स्वतः असे बोलत नसत. ते शहरातले, शुद्ध बोलणारे. बायकोला हाक मारताना "अगं" म्हणत, तेही बेताने. "गो" मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. तो त्यांनी फक्त टाइप केला.

आता संगणक मांडायचा कुठे? काकांनी पूर पाहिलेला. मोलाची वस्तू तांबड्या रेषेच्या खाली ठेवायची नाही, हा घरचा नवा कायदा होता. म्हणून संगणक आणि त्याचा पडदा दोन्ही रेषेच्या वर, भिंतीवर टांगले. वीज गेली तरी चालावा म्हणून शेजारी फळीवर बॅटरी. तिथून कीबोर्डची लांब वायर खाली टेबलापर्यंत. काम करणाऱ्याने मान वर करून बसायचे.

काकी कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या. "देव रेषेखाली आनि डबा रेषेवर. देव बुडाले तर चालतील?"

काकांनी त्याच दिवशी देव्हाराही वर चढवला. त्यानंतर काकी स्टुलावर चढून पूजा करू लागल्या आणि रोज एकदा काकांच्या नावाने बोटे मोडू लागल्या. पण त्या उंचीचा एक फायदा काकांनी आधीच हेरला होता. पडदा इतका वर की बोटांकडे पाहायला मान खाली घातली तर अक्षर दिसणार नाही. पंचा तर होताच. कीबोर्डवर टाइपरायटरच्याच जागी सगळी अक्षरे त्यांनी बसवून घेतली आणि पट्टी हातात घेऊन चौकटीपाशी उभे राहिले. पहिल्या दिवशी काकींनी टेबलावर रुपया ठेवला. न सांगता.

पहिले धडे म्हणजे नुसती अक्षरे पुन्हा पुन्हा.

"ह्याला काय अर्थ हाय मेल्याला?"

"बोटांना अर्थ लागत नाही. वर बघ."

"मानेला लागतो."

वरून आम्ही दोघे नवराबायको ते ऐकत असू. आधी एक ठोका, बराच वेळ काही नाही, मग दुसरा ठोका. संक्रांतीपर्यंत ठोके जवळ आले. एके दिवशी सकाळी खालून काकांनी मला हाक मारली. प्रिंटरमधून एक कागद निघाला होता. काकींनी स्वतःच्या मनाने टाइप केलेले पहिले वाक्य: "तुमच्या धड्यापायी दूध उतू गेलं."

काकांनी लाल पेन्सिलीने खाली शेरा मारला होता: चुका शून्य. वेग: दूध उतू जाईपर्यंत.

काकी गॅस पुसत होत्या. "हसताय काय? चहा मिळनार नाय कुनाला."

काका मात्र हसत नव्हते. तो कागद त्यांनी प्रकाशात धरला होता आणि प्रत्येक अक्षरावर नख फिरवत होते.

पुढे मी स्वतःचा फ्लॅट घेतला. गाव तेच, पण नदीपासून लांब आणि तिसऱ्या मजल्यावर. जाताना काकांनी अनामत परत केली, त्याची पावती घेतली आणि स्थळप्रत ठेवली. नव्या घरात सकाळी जाग आली की काहीतरी कमी आहे असे वाटायचे. पंखा चालू असे, नळ असे, बायकोचा आवाज असे. मग लक्षात यायचे, खालून चौकटीवर पट्टी वाजत नाही. अजूनही मला सकाळी तसे होते.

मागच्या माघात काका गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले ते तसेच. त्यांना मूलबाळ नव्हते. काकी त्या घरात एकट्या राहिल्या. मी दर रविवारी जात असे. त्या रोज संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर टेबलाशी बसत, पंचा हातावर घेत, मान वर करत. काय लिहितात ते मी विचारले नाही. पण उठताना "झालं काय गो?" आले की त्या मोठ्याने म्हणत, "झालं." मग बटण दाबत.

एकदा मीच त्यांच्याकडे पाहत राहिलो असेन. त्या म्हणाल्या, "आई गेली, मावशी गेली, थोरली भैन गेली. गो म्हननारं कुनी ऱ्हायलं नाय. येवढा ह्यो डबा म्हनतो."

श्रावणात एका सकाळी त्यांचा फोन आला. "ह्यो बोलत नाय रे."

गेलो. दोन दिवस विजेचा खेळखंडोबा चालला होता. पडदा काळा, वर इंग्रजीत एक ओळ. संगणक काढून बाजारपेठेत एका दुकानात नेला. दुकानदाराने कार्ड काढून पाहिले आणि म्हणाला, कार्ड गेले, त्यातले काही निघणार नाही. नवीन टाकून देतो, मराठीसकट. माझा चहा होईपर्यंत त्याने ते करूनही दिले. चोख काम. मी आणून पुन्हा टांगले आणि सुरू केले.

"आपले स्वागत आहे."

काकींनी ते वाचले. "मी काय पावनी हाय इथली?"

त्यांनी एक ओळ टाइप करून पाहिली. अक्षरे जागेवर नव्हती, भलतीच उमटली. बंद करायला गेल्या तर तोच तहसीलदार.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तू तरी काय करशील? ते गेले, त्यांचं बोलनं कशाला ऱ्हातंय मागं." त्यांनी पंचाची घडी घातली आणि कीबोर्डवर ठेवली. संस्थेला सुट्टी लागली की काका यंत्रांवर तशीच घडी ठेवत.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत मी एका पत्रावर सही केली. शिपायाने सवयीने खालची प्रत पुढे सरकवली. मी कोपऱ्यात "स्थळप्रत" लिहिले आणि पेन तिथेच थांबले. दूधवाल्याच्या चिठ्ठीची नक्कल ठेवणाऱ्या माणसाने पावसाळाभर खपून केलेल्या कामाची ठेवली नसेल?

अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघालो.

"काकी, कार्बनचा डबा कुठाय?"

"माळ्यावर. त्यो कशाला? यंत्रं गेली, डबा ऱ्हायला."

डबा अर्थातच रेषेच्या वर होता. उघडला तसा तो जुना शाईचा वास आला. कार्बन कागद थोडेच उरले होते. ते एकेक उचलले. तळाशी कागदाची लहान पुडी, हळदीकुंकवाच्या पुडीसारखी. तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले होते: स्थळप्रत.

आत नखाएवढे कार्ड.

मी स्टुलावर चढून ते बसवले. काकी खाली उभ्या होत्या, पदराचे टोक मुठीत धरून. पडदा काळाच राहिला. मग इंग्रजी ओळी भराभर वर सरकल्या. पुन्हा काळा. मी काकींकडे पाहायचे टाळले.

"ये गो बाय."

काकींनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

या जातीच्या संगणकात घड्याळाचा सेल नसतो. नेट मिळेपर्यंत तो कार्डावर नोंदलेली, शेवटचे बंद झाल्याची वेळ धरून चालतो. वरच्या कोपऱ्यात तारीख होती ती काकांनी नक्कल काढली त्या दिवसाची, दिवाळीच्या आधीची. त्या तारखेला काका होते. मी फोनचे नेट लावायला खिशात हात घातला, आणि तसाच राहिलो. काकींनीही ती तारीख वाचली होती.

"काकी, नेट नाही लावलं तरी चालेल. असं राहील."

त्या क्षणभर वर पाहत राहिल्या. "नको. आजची तारीक लाव. खोटी तारीक टाकलेला कागद त्यांनी फाडला असता."

लावले. आकडे हलले आणि आजची तारीख आली. पडद्यावरचे बाकी काही बदलले नाही.

काकींनी पंचाची घडी मोडली, हातांवर घेतली, मान वर केली आणि टाइप करू लागल्या. न पाहता. मध्ये एकदाच थांबल्या. "तुझं आडनाव ऱ्हस्व का दीर्घ रे?" मी सांगितले. प्रिंटर चालू झाला. उठताना पडद्यावर आले, "झालं काय गो?"

"झालं," त्या म्हणाल्या.

मग देव्हाऱ्याशी जाऊन, स्टुलावर चढून त्यांनी एक नाणे आणले आणि टेबलावर ठेवले. मी म्हणालो, "काकी, राहू दे ना."

"ठेवते म्हनजे ठेवते. फुकटचं टिकत नाय. सही कर."

पावतीचे दोन कागद होते. "कार्ड शोधून संगणक चालू करून दिल्याबद्दल रुपये एक फक्त मिळाला." खाली माझे नाव, आडनाव दीर्घ, बरोबर. चूक एकही नाही. मी दोन्हींवर सही केली.

आता ती नक्कलच मुद्दल झाली होती, तेव्हा तिचीही नक्कल हवी. ती मी दुसऱ्या दिवशी काढून दिली आणि पुडीवर पेन्सिलीने लिहिले. नवीन कार्डाचे दुकानदाराला चारशे वीस, ते मी दिले. मला एक रुपया, काकींकडून, रोख. पावतीची वरची प्रत माझ्याजवळ आहे. खालची डब्यात.